उत्सव ऑक्टोबरचा, पैसा कौन्सिलचा

अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा उत्सव एका इतिहासकाराने सुरू केला, ब्रिटनमध्ये तो एका महापालिकेच्या (तिथे तिला कौन्सिल म्हणतात) कर्मचाऱ्याने सुरू केला. दोन्ही देशांत आज ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’ साजरा होतो, अमेरिकेत फेब्रुवारीत आणि ब्रिटनमध्ये ऑक्टोबरमध्ये. पण दोघांची मुळं वेगळ्या मातीतली आहेत. ब्रिटनमधल्या उत्सवाला दरवर्षी पैशाचा घोर का लागतो, हे त्या मुळाशी गेल्याशिवाय कळत नाही.

कार्टर वुडसन यांचे आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. वुडसन यांनी १९१५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था काढली आणि १९२६ च्या फेब्रुवारीत इतिहास सप्ताह सुरू केला. अब्राहम लिंकन आणि फ्रेडरिक डग्लस यांचे जन्मदिवस त्या महिन्यात येतात, म्हणून फेब्रुवारी. हा सप्ताह कृष्णवर्णीयांच्या शाळांनी, चर्चनी आणि महिला मंडळांनी गावोगाव नेला. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी १९७६ मध्ये संपूर्ण महिन्याला मान्यता दिली, तेव्हा या कामाला पन्नास वर्षं होऊन गेली होती. सरकार शेवटी आलं. उद्या सरकारने पाठ फिरवली तरी ते काम समाजाच्या बळावर उभं राहू शकतं.

ब्रिटनमध्ये उलटं झालं. मूळचे घानाचे अक्याबा अड्डाई-सेबो हे ग्रेटर लंडन कौन्सिलच्या वांशिक अल्पसंख्याक विभागात विशेष प्रकल्पांचं काम पाहत. ते सांगतात की त्यांच्या एका सहकारी बाईंनी आपल्या मुलाचं नाव कृष्णवर्णीयांच्या स्वाभिमानाचे पुढारी मार्कस गार्वी यांच्यावरून ‘मार्कस’ ठेवलं होतं. एका रात्री त्या मुलाने आईला विचारलं, मी गोरा का नाही होऊ शकत? ज्या घरात गार्वींचं नाव अभिमानाने ठेवलं जातं त्या घरातल्या लेकराला असा प्रश्न पडतो, ही गोष्ट अड्डाई-सेबोंच्या मनाला लागली. घराबाहेर, म्हणजे शाळेत, ग्रंथालयात, रस्त्यांच्या नावांत, पुतळ्यांत त्या मुलाला आपल्यासारखं कोणी दिसत नव्हतं. नेमक्या याच गोष्टी कौन्सिलच्या हातात होत्या.

१९८७ साल जुळून आलं होतं. गार्वींच्या जन्माला त्या वर्षी शंभर वर्षं पूर्ण होत होती. पुढच्या वर्षी कॅरिबियन बेटांवरच्या गुलामगिरीच्या अखेरीला दीडशे आणि आफ्रिकी ऐक्य संघटनेला पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती. हे सगळं धरून १९८७-८८ हे आफ्रिकी ज्युबिली वर्ष म्हणून पाळायचं ठरलं. १ ऑक्टोबर १९८७ रोजी थेम्सकाठच्या काउंटी हॉलमध्ये पहिला कार्यक्रम झाला आणि त्याला अमेरिकेतून कृष्णवर्णीय अभ्यासक मौलाना करेंगा आले. ऑक्टोबर निवडण्यामागे एक साधा हिशेब होता. ब्रिटनमध्ये शाळा सप्टेंबरात सुरू होतात, त्यामुळे नव्या वर्षाच्या सुरुवातीलाच मुलांच्या कानावर हा इतिहास पडावा.

पण हा पहिला कार्यक्रम झाला त्या दिवशी ग्रेटर लंडन कौन्सिल अस्तित्वातच नव्हती. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने कायदा करून ३१ मार्च १९८६ रोजी ती बरखास्त केली होती. तिचं काही काम लंडनमधल्या काही बरोंच्या, म्हणजे शहराच्या विभागांच्या, कौन्सिलांनी पदरचे पैसे घालून ‘लंडन स्ट्रॅटेजिक पॉलिसी युनिट’ या नावाने चालू ठेवलं. अड्डाई-सेबो तिथे गेले. युनिटच्या अध्यक्ष होत्या लॅम्बेथ कौन्सिलच्या नेत्या लिंडा बेलॉस. वडील नायजेरियन, आई पोलिश ज्यू आणि स्वतः लंडनमध्ये वाढलेल्या. ज्या वर्षी ब्रिटिश संसदेत डायान ॲबट, पॉल बोटेंग, बर्नी ग्रँट आणि कीथ वाझ हे चार अल्पसंख्याक खासदार एकाच वेळी निवडून आले, त्याच वर्षी हा उत्सव सुरू झाला. बर्नी ग्रँट तर त्याआधी हॅरिंगी कौन्सिलचेच नेते होते. थोडक्यात, या उत्सवाला जन्म देणारी माणसं कौन्सिलच्या कारभारातच घडलेली होती.

आता पैशाकडे येतो. ब्रिटनमध्ये कौन्सिलला वाटेल तिथे खर्च करता येत नसे, प्रत्येक खर्चामागे कायद्याचं कलम दाखवावं लागे. १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यातल्या १३७ व्या कलमाने एक छोटी खिडकी उघडली. दुसरीकडे कुठे तरतूद नसली तरी आपल्या भागाच्या हिताच्या कामावर कौन्सिलला ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च करता येईल, असं ते कलम सांगे. मर्यादा म्हणजे मालमत्तेच्या करमूल्याच्या दर पौंडामागे दोन पेन्स. ऐकायला ही रक्कम किरकोळ वाटते, पण संपूर्ण लंडनच्या मालमत्तांवर ती काढली की मोठी थैली तयार होते. केन लिव्हिंगस्टन नेते असताना, १९८१ ते १९८६ या वर्षांत, ग्रेटर लंडन कौन्सिलने या थैलीतून शेकडो स्वयंसेवी गटांना अनुदानं दिली. महिला केंद्रं, पाळणाघरं, आशियाई आणि कॅरिबियन संघटना, नाट्यमंडळ्या असे सगळे त्यात होते. लंडनच्या काही वृत्तपत्रांनी या अनुदानांची यथेच्छ टिंगल केली. ‘लूनी लेफ्ट’, म्हणजे ‘वेडे डावे’, हा शब्दप्रयोग तेव्हाचाच.

दुसरं कलम त्याहून महत्त्वाचं आहे आणि या लेखात ते पुन्हा येणार आहे. १९७६ च्या वंशसंबंध कायद्याचं ७१ वं कलम कौन्सिलांवर एक जबाबदारी टाकत होतं. बेकायदा वांशिक भेदभाव दूर करायचा आणि निरनिराळ्या वंशांच्या लोकांत समान संधी व चांगले संबंध वाढतील असं काम करायचं. १३७ वं कलम सांगत होतं की पैसा देता येईल, तर ७१ वं सांगत होतं की हे तुमचं कामच आहे. इतिहासाचा उत्सव हा कौन्सिलने केलेला उपकार नसून तिच्या कर्तव्याचा भाग आहे, ही भूमिका या दुसऱ्या कलमामुळे घेता आली.

ही कलमं येण्याआधी पैसा कुठून यायचा? क्लॉडिया जोन्स यांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या जोन्स यांना अमेरिकेने कम्युनिस्ट म्हणून हद्दपार केलं. त्या लंडनला आल्या आणि १९५८ मध्ये त्यांनी ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ हे पत्र काढलं. त्याच वर्षी नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या टोळक्यांनी कॅरिबियन लोकांवर हल्ले केले. त्यावर जोन्स यांनी ३० जानेवारी १९५९ रोजी, ऐन हिवाळ्यात, सेंट पँक्रस टाउन हॉलच्या सभागृहात कार्निव्हल भरवलं. स्टील बँड, नाच, सौंदर्यस्पर्धा सगळं बंद दाराआड झालं. बीबीसीने ते दूरचित्रवाणीवर दाखवलं. कार्यक्रमाची स्मरणिका छापली होती आणि तिच्या विक्रीतला काही भाग नॉटिंग हिलच्या प्रकरणात दंड झालेल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या तरुणांचा दंड भरण्यासाठी जाईल, असं त्या स्मरणिकेतच छापलं होतं. गणेशोत्सव मंडळाची वर्गणी, जाहिराती आणि स्मरणिका यांच्यावर वाढलेल्या मराठी माणसाला हा हिशेब लगेच उमगेल. टाउन हॉल होता कौन्सिलचा, पण आतला जीव आणि पैसा होता लोकांचा.

याच सेंट पँक्रसमध्ये १९३४ पासून पुढे तेराएक वर्षं व्ही. के. कृष्ण मेनन नगरसेवक होते आणि तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी त्यांनी मनापासून काम केलं. लंडनच्या स्थानिक राजकारणात रंगाने वेगळ्या माणसांचा वावर त्याहूनही जुना आहे. लिव्हरपूलमध्ये जन्मलेले जॉन आर्चर, वडील बार्बेडोसचे आणि आई आयरिश, हे नोव्हेंबर १९१३ मध्ये बॅटरसीचे महापौर झाले. मतं पडली ४० विरुद्ध ३९. पुढे याच आर्चरांनी बॅटरसीच्या मजूर पक्षात एका पारशी माणसाच्या उमेदवारीसाठी जोर लावला आणि त्याचे निवडणूक प्रतिनिधी म्हणून काम पाहिलं. तो माणूस म्हणजे मुंबईत जन्मलेले, टाटा घराण्याचे भाचे शापुरजी सकलातवाला. १९२२ मध्ये ते खासदार झाले. ब्रिटनमधला ‘कृष्णवर्णीय’ इतिहास सांगायला बसलं की मुंबई अशी मध्येच येते.

आज अनुदान प्रत्यक्षात कसं मिळतं? बहुतेक कौन्सिलांत छोट्या समाजगटांसाठी एक निधी असतो, काही ठिकाणी ब्लॅक हिस्टरी मंथसाठी वेगळी रक्कमही काढून ठेवतात. काहीशे पौंडांपासून काही हजार पौंडांपर्यंतची ही अनुदानं असतात. अर्जासोबत गटाची घटना लागते, गटाच्या नावाचं बँक खातं आणि त्यावर दोघांच्या सह्या लागतात. मुलं येणार असतील तर बालसुरक्षेचं धोरण, अपघात झालाच तर नुकसानभरपाईसाठी सार्वजनिक दायित्वाचा विमा, धोक्यांची यादी आणि त्यावरचे उपाय, खर्चाचा अंदाज हे सगळं जोडावं लागतं. मग अधिकारी आणि काही नगरसेवक बसून अर्ज चाळतात. पैसे अनेकदा दोन हप्त्यांत येतात आणि दुसरा हप्ता पावत्या व अहवाल दिल्यावरच मिळतो.

कार्यक्रमात दारू विकायची किंवा ठरावीक प्रकारचं मनोरंजन परवान्याशिवायच्या जागेत करायचं असेल तर २००३ च्या परवाना कायद्याखाली तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस द्यावी लागते. तिची फी २१ पौंड आणि मर्यादा एका वेळी ४९९ माणसांची, त्यात काम करणारे स्वयंसेवकही मोजले जातात. नोटीस साधारणपणे किमान दहा कामाचे दिवस आधी पोहोचली पाहिजे. रस्ता बंद करायचा तर त्याचा आदेश निराळा. एका कॅरिबियन पेन्शनर मंडळाच्या चिटणीस बाईंनी डोमिनोजच्या स्पर्धेसाठी आणि बेटांवरच्या आठवणी सांगण्याच्या संध्याकाळसाठी ५०० पौंड मागायचे ठरवले, तर त्यांना एवढा डोंगर चढावा लागतो. ज्यांच्याकडे अर्ज लिहिणारं पगारी माणूस आहे त्या संस्था पुढे जातात आणि ज्यांच्याकडे खरी आठवण आहे ते मागे राहतात. या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव मला हीच वाटते. काही कौन्सिला अर्ज लिहायला मदत करणारे कर्मचारी देतात, सभागृह फुकट देतात, विमा स्वतःच्या पॉलिसीत सामावून घेतात. पैशाइतकीच, कधी कधी पैशापेक्षा जास्त किंमत या मदतीला आहे.

मोठ्या कार्निव्हलांचं गणित निराळं. लीड्समधलं कार्निव्हल १९६७ पासूनचं आणि ब्रिस्टलच्या सेंट पॉल्समधलं १९६८ पासूनचं. लंडनच्या नॉटिंग हिलचा सोहळा तर युरोपातल्या सर्वांत मोठ्या रस्त्यावरच्या उत्सवांत गणला जातो. इथे कलावंतांच्या मानधनापेक्षा गर्दी आवरणारे कार्यकर्ते, अडथळे, शौचालयं, दुसऱ्या दिवशीची झाडलोट यांवरच पैसा जातो. २०२५ मध्ये नॉटिंग हिलच्या आयोजकांनी सुरक्षेच्या खर्चाबद्दल जाहीर इशारा दिल्यावर लंडनचे महापौर कार्यालय, केन्सिंग्टन अँड चेल्सी आणि वेस्टमिन्स्टर या कौन्सिला यांनी मिळून जवळपास दहा लाख पौंडांची भर घातली. रक्कम मोठी, पण ती उत्सव सुरू व्हायला जेमतेम दोन महिने उरले असताना जाहीर झाली. शेवटच्या घटकेला येणाऱ्या पैशात बंदोबस्त होतो. पुढच्या पिढीला स्टील बँड शिकवणं, वर्षभर पोशाख शिवणं मात्र होत नाही.

पैसा देणारा नाव ठरवू लागतो तेव्हा खरी कसोटी लागते. २०१८ मध्ये लंडनमधल्या काही कौन्सिलांनी ब्लॅक हिस्टरी मंथ हे नाव बाजूला ठेवून त्याच्या जागी विविधता महिना किंवा सर्वसाधारण सांस्कृतिक कार्यक्रम सुरू केल्याचं उघड झालं आणि मोठा वाद झाला. कौन्सिलांचं म्हणणं असं की आमच्या भागात अनेक समाज राहतात, मग एकाचाच महिना का? वरवर हा प्रश्न न्याय्य वाटतो. पण ज्या समाजाचा इतिहास अभ्यासक्रमातून गळला त्याच्यासाठी राखलेला महिना सर्वांच्या नावावर केला की तो कोणाचाच राहत नाही. तो वाद झाला तेव्हा विंड्रश प्रकरण ताजंच होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये आलेल्या, पन्नास-पन्नास वर्षं तिथे राहिलेल्या, कर भरलेल्या कॅरिबियन माणसांना, म्हणजे ‘विंड्रश पिढी’ला, सरकारने कागद दाखवा म्हणून छळलं होतं. अशा वेळी महिन्याचं नाव पुसणं लोकांना झोंबलं, आणि ते योग्यच होतं.

या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर त्याआधी दहा वर्षं एका न्यायालयात मिळालेलं होतं. साउथहॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था १९७९ मध्ये आशियाई आणि आफ्रो-कॅरिबियन स्त्रियांनी काढली. त्या काळी ‘ब्लॅक’ म्हणवून घेण्यात पंजाबी, गुजराती स्त्रियांनाही काही वावगं वाटत नसे, कारण वर्णद्वेषाचा मार सर्वांना सारखाच बसत होता. ही संस्था घरगुती हिंसाचाराने पोळलेल्या स्त्रियांना आधार देते आणि ईलिंग कौन्सिल तिला अनुदान देत असे. कौन्सिलने ठरवलं की यापुढे बरोमधल्या सर्व स्त्रियांसाठी एकच सेवा असेल, कारण वेगवेगळ्या गटांना वेगळं अनुदान दिलं तर समाजाची एकजूट बिघडते. स्त्रियांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. २००८ च्या जुलैत सुनावणी चालू असतानाच कौन्सिलने निर्णय मागे घेतला, तरीही न्यायमूर्ती मोझेस यांनी निकालपत्र लिहिलं. त्यांचा निर्वाळा असा की एका समाजाच्या गरजेसाठी खास सेवा देणं आणि एकजूट वाढवणं यांत विरोध नाही, उलट समानतेसाठी अशा सेवांची गरज पडते. त्याचा आधार होतं तेच १९७६ च्या कायद्याचं ७१ वं कलम. स्टीफन लॉरेन्स या तरुणाच्या खुनाच्या तपासावरचा मॅकफर्सन अहवाल १९९९ मध्ये आला आणि २००० मध्ये हे कलम अधिक कडक करण्यात आलं. २०१० च्या समानता कायद्यात ते १४९ वं कलम म्हणून आजही आहे. अनुदान कापण्याआधी किंवा त्याचं रूप बदलण्याआधी त्याचा कोणावर काय परिणाम होईल हे कौन्सिलला तपासावंच लागतं.

कायदा विचार करायला लावतो, पैसा देत नाही. २०१० नंतर केंद्राकडून येणारा निधी आटत गेला आणि कौन्सिलच्या तिजोरीतला मोठा वाटा वृद्धांची आणि मुलांची सामाजिक काळजी घेण्यात जाऊ लागला. हे खर्च कायद्याने बंधनकारक आहेत, उत्सव आणि कला नाहीत. त्यामुळे कात्री आधी तिथेच लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅम कौन्सिलने हात वर केले. अकरा लाखांवर लोकवस्तीच्या या शहराने मार्च २०२४ मध्ये शहरातल्या कलासंस्थांची अनुदानं दोन वर्षांत शून्यावर आणायचं मंजूर केलं. ज्या शहरात कॅरिबियन, पाकिस्तानी, भारतीय, सोमाली कुटुंबांच्या तीन-तीन पिढ्या राहतात तिथे हे घडलं. केंद्र सरकारने २०१९ पासून २२ जूनच्या विंड्रश दिनासाठी वेगळं अनुदान सुरू केलं, पहिल्या वर्षी पाच लाख पौंडांपर्यंत, ते कौन्सिलांना आणि संस्थांना अर्ज करून मिळवता येतं. ते चांगलंच आहे. पण सगळ्या देशासाठी पाच लाख पौंड!

टिकाऊ खर्चाचं एक उदाहरण मला फार आवडतं. हॅकनी कौन्सिलने विंड्रश पिढीच्या सन्मानासाठी शिल्पं करून घ्यायचं ठरवलं, त्यात कलेला मदत करणाऱ्या बाहेरच्या निधींचाही हातभार लागला. मॉन्सेरात बेटावर जन्मलेल्या व्हेरोनिका रायन यांना हे काम मिळालं. त्यांनी कोणाचाही पुतळा केला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये हॅकनीच्या नॅरो वे या रस्त्यावर तीन प्रचंड फळं येऊन बसली. सीताफळाच्या कुळातली दोन आणि एक नीरफणस, संगमरवरात आणि ब्राँझमध्ये घडवलेली. लहानपणी आईबरोबर रिडली रोडच्या बाजारात जाऊन ही फळं घेतल्याची रायन यांची आठवण त्यामागे आहे. त्या फळांवर मुलं चढतात, थकलेली माणसं टेकून बसतात. कोकणातला माणूस तिथून गेला तर नीरफणस ओळखून थबकेल. पुढच्या वर्षी रायन यांना टर्नर पुरस्कार मिळाला, त्यात या शिल्पांचाही वाटा होता. एका महिन्याच्या उत्सवातले फलक नोव्हेंबरात उतरतात, ही फळं वर्षभर रस्त्यावर असतात. कौन्सिलने दोन्ही करायला हवं, आणि मला तर वाटतं की रस्त्यावरच्या, ग्रंथालयातल्या, दफ्तरखान्यातल्या कायम कामाचा वाटा दरवर्षी थोडा वाढवत न्यायला हवा. ब्रिक्स्टनमध्ये १९८१ मध्ये सुरू झालेल्या ब्लॅक कल्चरल अर्काइव्हज या संग्रहाला विंड्रश स्क्वेअरमधली स्वतःची वास्तू मिळायला २०१४ उजाडलं. तेहतीस वर्षं!

ऑक्टोबरच्या कार्यक्रमाचं भवितव्य प्रत्यक्षात फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतं. इंग्लंडमधल्या कौन्सिलांना पुढच्या वर्षाचा कौन्सिल टॅक्स ११ मार्चच्या आत कायद्याने ठरवावाच लागतो आणि त्यासाठी अंदाजपत्रकाची सभा भरते. ती सभा सर्वांना खुली असते. सार्वजनिक संस्थांच्या सभा लोकांना खुल्या करणारा १९६० चा कायदा तरुण खासदार असताना मार्गारेट थॅचर यांनीच मांडून मंजूर करून घेतला होता. बऱ्याच कौन्सिलांत नागरिकांचं शिष्टमंडळ सभेपुढे येऊन बोलू शकतं, लेखी प्रश्न देऊ शकतं. त्या डोमिनोज मंडळाच्या चिटणीस बाईंनी आपल्या वॉर्डच्या नगरसेवकाला जानेवारीतच गाठावं, अंदाजपत्रकाच्या मसुद्यात समाजगटांच्या निधीसमोर कोणता आकडा लिहिला आहे ते पाहावं, आणि तो घटला असेल तर १४९ व्या कलमाखाली परिणामांची तपासणी केली का, असा लेखी प्रश्न सभेला द्यावा.